निरंक लिहायचं नाही

बाबा, शेजारच्या ग्रॅहमच्या गॅरेजवर तुम्ही खडूने लिहिलेली तारीख अजून पुसलेली नाही. मधे दोनदा चांगला पाऊस झाला, पण त्या कोपऱ्यावर छप्पर थोडं पुढे आलेलं आहे, तिथे पाणी पोचत नाही. तुम्ही जागा हेरूनच निवडली असणार. हिवताप खात्यात बत्तीस वर्षं लोकांच्या भिंतींवर तारखा घालत हिंडलेल्या माणसाला कुठली भिंत भिजते आणि कुठली नाही, हे ख्राइस्टचर्चमध्येही कळणारच.

आपल्या घराच्या भिंतीवर मात्र आदल्या रविवारची तारीख आहे. त्या सकाळी तुम्ही फेरी शेजारून सुरू केलीत. ग्रॅहमच्या बागेतलं पक्ष्यांच्या पाण्याचं भांडं ओतलंत, घासून पुन्हा भरलंत, तारीख घातलीत आणि त्याच्या लाकडी खुर्चीवर जरा टेकलात. तो चहाचे दोन मग घेऊन बाहेर आला तेव्हा तुम्ही गेला होतात. त्याला आज तीन आठवडे झाले.

भेटायला येणारे हळूच विचारतात, "झोपेत गेले का?" मी सांगते, "नाही, ड्यूटीवर." समीर माझ्याकडे डोळे वटारून बघतो. वडील त्याचे, त्यामुळे त्याला तो हक्क आहे. पण तुम्हाला हे उत्तर आवडलं असतं याची मला खात्री आहे, आणि मुलासमोर सासऱ्यांची बाजू सुनेने घ्यायची ही काही आपल्या घरातली पहिली वेळ नाही.

मला तुमच्याशी एक बोलायचं होतं, ते राहून गेलं. ऑगस्टपासून राहिलंय. फार मोठं नाही, चार शब्दांचं आहे: बाबा, तुमचं बरोबर होतं. दिवसाला शंभर वाक्यं बोलत होते मी तुमच्याशी. औषध घेतलंत का, मोजे कुठे टाकलेत, टीव्हीचा आवाज कमी करा. हे चार शब्द तेवढे तोंडातून निघाले नाहीत. म्हणून आता लिहिते आहे.

तुमचा इथला पहिला रविवार आठवतो. आई गेल्यावर समीर तुम्हाला नाशिकहून घेऊन आला. हॉर्नबीतलं आपलं घर म्हणजे मागे गोदामं आणि पुढे एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं अशी घरं. आठवडाभर तुम्ही खिडकीत बसून होतात. न बोलता जेवायचात, न बोलता ताट धुऊन ठेवायचात. समीर घाबरला होता. रविवारी सकाळी उठून बघते तर तुम्ही अंगणात. मोज्यांवर समीरच्या जँडल्स, इथल्या रबरी चपला, चढवलेल्या, हातात टॉर्च, आणि कुंड्यांखालच्या ताटल्या, गाडी धुवायची बादली, तुमच्या नातीचा, इराचा लहानपणीचा प्लास्टिकचा टब, सगळं उपडं पडलेलं.

"आज कोरडा दिवस," तुम्ही म्हणालात.

आठवड्यातून एकदा साठलेलं सगळं पाणी ओतायचं, भांडी कोरडी करायची, म्हणजे डासांच्या अळ्यांना वाढायला सवड मिळत नाही. हे तुम्ही जन्मभर लोकांना शिकवलंत. मी म्हटलं, "बाबा, इथले डास नुसते चावतात हो. इथे ना मलेरिया, ना डेंग्यू." तुम्ही पावसाच्या पिंपात टॉर्च मारून वाकून बघत होतात. तिथूनच म्हणालात, "आज नाही." मग इथे गप्पी मासे कुठे मिळतील, पिंपात सोडायला बरे, असं विचारलंत. इथल्या हिवाळ्यात ते बर्फीसारखे कापूनच काढावे लागतील, असं समीर म्हणाला. आई गेल्यानंतर तुम्ही पहिल्यांदा हसलात ते तेव्हा.

दुसऱ्या रविवारी तुम्ही आपलं अंगण संपवून शेजाऱ्याकडे शिरलात. विचारलं नाही, पुसलं नाही. त्याच्या जुन्या होडीवर ताडपत्री होती, तिच्या खळग्यात पाणी होतं, ते तुम्ही मगने उपसलंत. दुपारी ग्रॅहम दारात उभा. निवृत्त ट्रक ड्रायव्हर, सहा फूट उंच, एकटा राहणारा माणूस. तोवर त्याच्याशी आमचं 'किया ओरा' या इथल्या नमस्कारापलीकडे बोलणं नव्हतं.

"तुझ्या सासऱ्यांनी माझी होडी कोरडी केली, दॅट्स ऑल गुड," तो म्हणाला. "पण गॅरेजवर काहीतरी लिहिलंय. इज इट अ कर्स ऑर समथिंग?"

मी जाऊन बघितलं. मराठी आकड्यांत तारीख, खाली शून्य, त्याखाली तुमची सही. लाजेने मेल्यासारखं झालं मला. त्याला समजावलं की आमच्याकडे घर तपासून झालं की कर्मचारी भिंतीवर तारीख घालतो, म्हणजे मागून येणाऱ्याला कळतं. शून्य म्हणजे अळ्या सापडल्या नाहीत. ग्रॅहमने बराच वेळ भिंतीकडे बघितलं. मला वाटलं, आता रंगाचा डबा आणून देतो हातात. तो म्हणाला, "सो आय पास्ड?"

मी हो म्हटलं. "स्वीट ॲज," म्हणजे झकास, असं म्हणून तो आत गेला, आणि पुढच्या रविवारी फाटक आधीच उघडून ठेवलं.

तुम्ही दोघं एकमेकांशी काय बोलायचात हे मला कधीच नीट कळलं नाही. तुमचं इंग्रजी सगळं सरकारी परिपत्रकातलं. "काइंडली रिमूव्ह द वॉटर," असं तुम्ही त्याला म्हणालेलं मी स्वतः ऐकलं आहे. आणि तो ट्रकवाल्या उच्चारात काय बोलायचा ते मलाही अर्धंच समजतं. तरी रविवारचा चहा तासभर चालायचा.

माझं काम तुम्हाला जेवढं कळलं तेवढं समीरलाही कळलेलं नाही. लोकांना वाटतं, मेधा घरी बसून कॉम्प्युटरवर काहीतरी करते. तुम्ही पहिल्याच आठवड्यात खुर्ची ओढून शेजारी बसलात आणि विचारलंत, "हे घरभेटीचंच काम की." मी हसले होते, पण खरंच तेच आहे. युरोपात कुठे कुठला साथीचा आजार डोकं वर काढतो आहे, यावर नजर ठेवणाऱ्यांसाठी मी बातम्या चाळते. गावोगावची छोटी वर्तमानपत्रं, नगरपालिकांच्या सूचना, आरोग्य कार्यालयांची पत्रकं. भाषा येत नाही तिथे यंत्र भाषांतर करून देतं. तिकडची माणसं झोपलेली असतात तेव्हा माझा दिवस असतो. तिकडे उजाडतं तेव्हा माझी यादी त्यांच्या टेबलावर असते. तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला हिवाळा, त्यामुळे जुलै-ऑगस्टात हीट पंप लावून, अंगावर शाल घेऊन, मी तिकडच्या डासांच्या मागावर असते.

तुम्हाला याची गंमत वाटायची. दहा वाजता चहा घेऊन यायचात, माझा आणि तुमचा, आणि शेजारी बसून विचारायचात, "आज कोण तापलंय?" गावांची नावं तुमच्या तोंडी अशी काही व्हायची की ती गावं नाशिककडच्या सुरगाण्याच्या पलीकडेच आहेत असं वाटावं. पण प्रश्न तुमचे नेमके असायचे. ही बातमी कोणी दिली? त्याने स्वतः बघितलं का ऐकलं? आणि ज्या गावाकडून काहीच आलं नाही, त्याचं काय? "गप्प गाव आधी बघ," असं तुम्ही म्हणायचात. हे मला कुठल्याही प्रशिक्षणात कोणी इतक्या सोप्या भाषेत सांगितलं नव्हतं. तेव्हा मी 'हं हं' करून पुढे जायचे, आणि मग तुम्ही उठून गेलात की गप्प गावं शोधायला लागायचे.

आणि रोज सकाळी मी विचारायचे, "बाबा, तब्येत?" तुम्ही म्हणायचात, "निरंक." सरकारी कागदावर सांगण्यासारखं काही नसलं की लिहायचा तो शब्द. मला तो आवडायला लागला होता. इरासुद्धा शाळेतून आली, हाऊ वॉज स्कूल विचारलं, की "निरंक, मम" म्हणायची. तिच्या तोंडून पडणारा तो बहुधा एकमेव अस्सल मराठी शब्द असेल.

ऑगस्टातला तो गुरुवार. दक्षिण युरोपातलं समुद्राकाठचं एक छोटं गाव. नगरपालिकेची सूचना होती: अमुक दोन गल्ल्यांत पहाटे फवारणी होईल, खिडक्या बंद ठेवा, वाळत घातलेले कपडे आत घ्या. कारण एका वयस्क बाईला डेंग्यू झाला आहे. बस्, एवढंच. माझ्या तक्त्यात एक रकाना आहे, ताप कुठून आला याचा. त्यात तीन पर्याय: बाहेरून, स्थानिक, माहीत नाही. तिकडे डेंग्यूचा रुग्ण सापडला तर बहुतेक वेळा तो कुठेतरी गरम देशात सुट्टीला जाऊन आलेला असतो. दुपारचे साडेतीन झाले होते, चारला यादी पाठवायची होती. 'माहीत नाही' लिहिलं की ती ओळ पिवळी होते, वरून विचारणा येते, आणि पिवळ्या ओळी फार झाल्या की माझंच काम अपुरं दिसतं. मी 'बाहेरून' निवडलं.

"बाई कुठे जाऊन आली होती?" तुम्ही विचारलंत.

"ते लिहिलेलं नाही."

"मग तू कशावरून लिहिलंस?"

"बाबा, तसंच असतं. बहुतेक वेळा तसंच असतं."

"बहुतेक वेळा म्हणजे या बाईच्या बाबतीत नाही. तुला माहीत नाही, तर माहीत नाही लिही की."

मी घड्याळ बघत होते. आणि मग जे बोलले ते बोलले. "बाबा, हे तुमचं पाड्यावरचं रजिस्टर नाही. इथे यंत्रणा आहे, पद्धत आहे. प्लीज."

तुम्ही उठलात. दोन्ही कप उचललेत, माझा अर्धा भरलेला होता तोसुद्धा, आणि गेलात. मी यादी पाठवली. रात्री जेवताना तुम्ही समीरशी क्रिकेटवर बोललात, माझ्याशी मिठाबद्दल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध संपलं होतं. कामाला बसायच्या आत घेऊन येऊ म्हणून मी निघाले, तर तुम्ही कोट घालून गाडीत येऊन बसलात. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये मी गाडी बंद केली आणि तुम्ही उतरायचं सोडून समोरच्या काचेकडे बघत बोलायला लागलात.

"तीसेक घरांचा पाडा होता. दर पंधरा दिवसांनी फेरी. घरोघरी विचारायचं, ताप कोणाला आहे, कोणाला येऊन गेला. असला तर बोटाला सुई, काचपट्टीवर रक्ताचा थेंब. शेवटचं घर लागोपाठ दोन फेऱ्यांना बंद मिळालं. बाहेरून कडी. शेजारचे म्हणाले, कामाला खाली उतरलेत. महिनाअखेर होती. साहेबांना रकाना मोकळा दिसला की चालायचं नाही. मी निरंक लिहिलं."

एक बाई ट्रॉली ढकलत आपल्या गाडीसमोरून गेली.

"तिसऱ्या फेरीला घर उघडं होतं. नवरा उंबऱ्यावर बसला होता. बायको गेली होती. पंचविशीची असेल. दुसऱ्या फेरीला मी गेलो ना, तेव्हा ती आतच होती. तापात. दोघं आदल्या दिवशीच परत आले होते. तो कडी लावून औषध बघायला गेला होता. मी कडी बघितली आणि वळलो. हाक मारली असती तर तिने ओ दिली असती."

मी विचारलं, "आईंना माहीत होतं?"

"नाही. समीरलाही नाही." मग तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "त्यानंतर बंद घरापुढे मी तीन हाका मारल्याशिवाय हललो नाही. ओ आली नाही तर 'घर बंद' लिहायचं. निरंक नाही. साहेबांची बोलणी खाल्ली त्यापायी, खाल्ली तर खाल्ली. नाही आणि माहीत नाही यांच्यामध्ये एक अख्खं माणूस मावतं, मेधा. चल, दूध घेऊ."

तुम्ही मला रागावला नाहीत. 'बघ, मी सांगत होतो' असा सूरही नव्हता. तुमची जन्मभर मनात बाळगलेली चूक तुम्ही माझ्या एका चुकीशेजारी आणून ठेवलीत, आणि वर दुधाची पिशवीही तुम्हीच उचललीत. तुमच्या जागी मी असते तर इतकं मन मोठं झालं असतं का, याची मला शंका आहे. शंका कशाला, नसतंच झालं.

घरी आल्या आल्या मी तो तक्ता उघडला आणि 'बाहेरून' खोडून 'माहीत नाही' केलं. ओळ पिवळी झाली. खाली प्रश्न लिहिला: या बाई आजारी पडण्याआधी प्रवासाला गेल्या होत्या का, कृपया विचारावं. तुम्ही चहा घेऊन आलात तेव्हा मी दुसरंच पान उघडून बसले होते.

उत्तर पुढच्या आठवड्यात आलं. त्या बाई कित्येक वर्षांत गाव सोडून कुठे गेल्या नव्हत्या. त्यांचा प्रवास एकच: दर आठवड्याला नवऱ्याच्या थडग्यावर फुलं ठेवायला दफनभूमीपर्यंत. तिथल्या फुलदाण्यांमध्ये पाणी, आणि पाण्यात अळ्या. म्हणजे ताप त्या गावातलाच होता, तिथल्याच डासाने दिलेला. तिथले आरोग्य कर्मचारी त्या गल्ल्यांमधून दार वाजवत फिरले आणि ताप कोणाला आला होता हे विचारलं. अगदी तुमच्यासारखं. आणखी काही जण सापडले, त्यांना वाटलं होतं ऊन लागलं. रक्तपेढ्यांना सावध केलं. फुलदाण्या ओतून त्यांत ओली वाळू भरली. बाई बऱ्या झाल्या. हे सगळं माझ्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, ती माणसं हुशार आहेत, आपलं काम करतच होती. पण माझ्या यादीत ती ओळ चुकीची राहिली असती, आणि ती वाचून दुसऱ्या कोणीतरी निर्धास्तपणे पुढचं पान उलटलं असतं. ती खोटी ओळ तुम्ही राहू दिली नाहीत.

हे सांगायला मी त्या दिवशी तुमच्या खोलीच्या दारापर्यंत आले होते. तुम्ही बसल्या बसल्या डुलकी काढत होतात. म्हटलं, उद्या. उद्या इराची नेटबॉलची मॅच निघाली. मग आठवडा गेला आणि सांगायचं तर आधी 'मी तेव्हा चुकीचं लिहिलं होतं' इथून सुरुवात करायला लागणार, ते जड जायला लागलं. पाड्यावरचं रजिस्टर म्हणाले होते ना मी. तो शब्द गिळल्याशिवाय पुढचा शब्द येणार नव्हता, आणि मी तुमचीच सून, हट्टी.

मधे ग्रॅहम पंधरा दिवस बहिणीकडे टिमारूला गेला होता. रविवारी सकाळी मला तुमच्या हाका ऐकू आल्या. "ग्रॅहम! ग्रॅहम! ग्रॅहम!" अख्खी गल्ली जागी होईल अशा. धावत गेले तर तुम्ही त्याच्या कुलूप घातलेल्या फाटकापुढे उभे. मी म्हटलं, "बाबा, तो टिमारूला आहे, तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच त्याला टाटा केलात." तुम्ही म्हणालात, "विचारल्याशिवाय कसं लिहू?" मग कुंपणावरून हात घालून, पोचेल तिथे, गॅरेजच्या कडेला लिहिलंत: घर बंद. ग्रॅहम परत आल्यावर आधी ते बघून विचारायला आला. तुम्ही त्याला समजावलंत, "हाउस क्लोज्ड. नॉट झीरो. आय डोन्ट नो." तो म्हणाला, "फेअर इनफ," आणि फोनवर त्याचा फोटो काढला.

आता भांडणाचं. हो, भांडायचंही आहे. तुमच्या कोटाच्या खिशात ॲसिडिटीच्या गोळ्यांची तीन रिकामी पाकिटं सापडली. डॉक्टर म्हणाले, काही दिवस तरी छातीत दुखत असणार. काही दिवस, बाबा. त्या दिवसांत रोज सकाळी मी विचारलं आणि रोज तुम्ही निरंक म्हणालात. साऱ्या जगाला एक नियम आणि स्वतःला दुसरा? माझी एक खोटी ओळ तुम्हाला सहन झाली नाही आणि स्वतःचा रकाना खुशाल खोटा भरलात. आणि मी, तुमच्याकडून सगळं शिकलेली, कडी बघून वळले. दुसरी हाक मारली नाही. पहिले दहा दिवस या रागातच गेले. समीरला वाटायचं मी रडते आहे. मी तुमच्याशी वाद घालत होते, आणि तुम्ही पहिल्यांदाच उलट उत्तर देत नव्हतात.

राग उतरला तो ग्रॅहममुळे. गेल्या बुधवारी तो डेअरीतून दूध घेऊन येताना थांबला. दिवसांचे विधी झाले का, असं काहीसं त्याच्या भाषेत विचारलं. मग म्हणाला, "फुलांवाल्या बाईचं काय झालं शेवटी?"

मला कळेचना. कुठली फुलांवाली?

"युरोपमधली. त्यांनी सांगितलं होतं मला. रजिस्टरची गोष्ट." आणि ग्रॅहमने तुमचा आवाज काढला. कुणाची नक्कल करून दाखवणारा माणूस नाही तो, पण काढला. "'माय डॉटर-इन-लॉ करेक्टेड द रजिस्टर. शी इज नॉट टेलिंग. सो आय ॲम ऑल्सो नॉट टेलिंग.' अँड देन ही लाफ्ड हीप्स. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत."

तुम्हाला माहीत होतं. शेजारी बसून तुम्ही माझी पिवळी ओळ बघितली होती, आणि तिच्याखाली आलेलं फुलदाण्यांचं उत्तरही. बघणारच, बत्तीस वर्षं रजिस्टरं भरलेली नजर ती. आणि मला लाज वाटू नये म्हणून, किंवा मजा बघायची म्हणून, दोन महिने चहाचे कप आणत राहिलात आणि 'आज कोण तापलंय' विचारत राहिलात. मी तिथे फूटपाथवर उभी राहून हसले, मग रडले, आणि ग्रॅहमने दुधाची बाटली या हातातून त्या हातात घेतली आणि थांबून राहिला. त्याला ते छान जमतं.

म्हणजे माझे चार शब्द तुमच्यापर्यंत आधीच पोचले होते, मी न सांगता. तुमचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. आपल्यात सासऱ्यांना कोणी थँक्यू म्हणत नाही. पण आता माझ्या यादीत पिवळ्या ओळी वाढल्या आहेत, आणि वरून विचारणा आली की मी शांतपणे उत्तर लिहिते. ते तुमचं.

आज रविवार. सकाळी बाहेर खडखडाट ऐकू आला. बघते तर ग्रॅहम आपल्या अंगणात. स्वतःचं झालं असावं, कारण बूट ओले होते. त्याने कुंड्यांखालच्या ताटल्या ओतल्या, बादली उपडी केली, पिंपात टॉर्च मारून वाकून बघितलं. मी शाल गुंडाळून त्याच्यामागून फिरले. भिंतीवर तुमच्या शेवटच्या तारखेखाली त्याने आजची तारीख घातली, मराठी आकड्यांत, फोनमधल्या जुन्या फोटोंवरून एकेक आकडा उतरवत. त्याचा दोन बदकासारखा आहे. खाली शून्य काढलं.

मग तो तुमच्या खोलीशी आला. अंगणात उघडणारं काचेचं सरकतं दार, आतून पडदा ओढलेला. तो थांबला. फोन वर करून मला तो दुसरा फोटो दाखवला, टिमारूच्या वेळचा, आणि भुवया उंचावून विचारलं.

"एक मिनिट," मी म्हटलं. "आधी विचारायला लागतं."

मी काचेला हात लावून उभी राहिले आणि हाक मारली, "बाबा!"

मग दुसरी, जरा मोठ्याने. "बाबा!"

तिसऱ्या हाकेला मी म्हटलं, "बाबा, तुमचं बरोबर होतं."

ओ येते का म्हणून तुम्ही थांबायचात तेवढा वेळ आम्ही दोघं थांबलो. मागच्या गोदामात कोणीतरी ट्रक मागे घेत होतं, त्याचा आवाज येत होता. मग ग्रॅहमने दाराशेजारच्या विटांवर खडू टेकवला आणि फोनमध्ये बघत, सावकाश, एकेक अक्षर काढलं: घर बंद.